रोम पायी, एका दिवसात: सातला निघा, दुपारी बसा, पूल संध्याकाळी

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की एका दिवसात कलोसियम आणि व्हॅटिकन म्यूझियम दोन्ही होतं. होत नाही. धावतपळत फोटो काढून येता येईल, पण रात्री कोणी विचारलं काय बघितलंत तर फक्त रांगा आठवतील. मी रोमला तीनदा गेलोय, एकदा एकटा, एकदा बायकोबरोबर आणि एकदा आमच्याकडे जर्मनीत आलेल्या आई-बाबांना घेऊन, आणि पहिल्या दोन वेळेला ज्या चुका केल्या त्या तिसऱ्या वेळी आईच्या गुडघ्यांमुळे आपोआप टळल्या. खाली लिहिलाय तो हा तिसऱ्या वेळचा दिवस. व्हॅटिकन म्यूझियम त्यात नाही, ते दुसऱ्या दिवशी.

जुनं रोम नकाशावर एवढंसं आहे. आपण जो वळसा मारणार आहोत तो रस्त्याने मोजला तर सहा-सात किलोमीटर, आतलं चालणं धरलं की दुप्पट, आमच्या मोबाईलने रात्री २२ हजार पावलं दाखवली होती. त्यामुळे अंतराचं टेन्शन नको, सगळी गंमत वेळेची आहे. कारंजी सकाळी रिकामी असतात, बरीच चर्च दुपारी दोन-तीन तास कुलूप लावून बसतात, आणि नदीवरचे पूल संध्याकाळीच बघायचे असतात. हे उलटं केलंत तर तेच शहर वैताग आणतं.

निघायच्या आधी

कलोसियमचं तिकीट घरूनच काढा. साधं तिकीट १८ युरोचं, त्यात कलोसियम, रोमन फोरम (जुन्या रोमचा मुख्य चौक, आता अवशेष) आणि पॅलाटिन टेकडी तिन्ही येतं. अधिकृत साईटवर साधारण ३० दिवस आधी बुकिंग उघडतं आणि सकाळचे स्लॉट पटापट जातात. तिकिटावर नाव असतं, गेटवर पासपोर्ट बघतात, त्यामुळे नाव पासपोर्टवर आहे तस्संच टाका, "बाळासाहेब" वगैरे नको. १८ वर्षांखालच्या पोरांना फुकट आहे पण फुकटाचं तिकीटही काढावंच लागतं, हे लोक विसरतात. पहिल्या वेळी मी आळस केला आणि एका मधल्या साईटवरून दुप्पट पैसे मोजून घेतलं, वर त्यांचा माणूस हातात झेंडा घेऊन कुठे उभा आहे ते शोधण्यात अर्धा तास. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्यूझियम फुकट असतात, कलोसियमसुद्धा, पण एकच दिवस असेल तर त्या फुकटाच्या मागे लागू नका, गर्दी बघून हबकाल.

बूट जुने, पायाला बसलेले. रोमचे रस्ते काळ्या ज्वालामुखीच्या दगडाच्या छोट्या छोट्या चौकोनी ठोकळ्यांचे आहेत, त्यांना तिकडे सॅम्पिएत्रिनी म्हणतात, दिसायला सुंदर आणि चालायला दुष्ट. कोल्हापुरी चप्पल मिरवायची हौस असेल तर ती रात्रीच्या जेवणाला. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, उन्हाळ्यात एक ओढणी किंवा स्कार्फ बॅगेत टाकला की काम भागतं. आणि पाण्याची एक रिकामी बाटली, तिचं कारण पुढे.

जुलै-ऑगस्ट टाळता आलं तर टाळा. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी गेलो होतो, सकाळी जॅकेट आणि दुपारी शर्ट.

सकाळी ७: पायऱ्या आणि ट्रेवी

मेट्रोच्या ए लाईनने स्पान्या स्टेशनला उतरा, बाहेर आलात की समोरच स्पॅनिश पायऱ्या. तिकीट वेगळं काढायची गरज नाही, गेटवर बँकेचं कार्ड टेकवलं की दीड युरो कापतो. पायऱ्या १३५ आहेत, वर चढून एकदा मागे वळून बघा आणि खाली या. बसू नका. २०१९ पासून तिथे बसायला मनाई आहे, शिट्टी वाजवून उठवतात आणि दंड ४०० युरोपर्यंत जाऊ शकतो. पायऱ्यांवर बसायचं नाही हे आमच्या बाबांना शेवटपर्यंत पटलं नाही, "मग बांधल्या कशाला?"

तिथून ट्रेवी कारंजं दहा मिनिटांवर. सकाळी साडेसातला तिथे फार तर वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी लग्नाचे फोटो काढणारी. हेच तुम्ही अकरा वाजता गेलात तर पाणी दिसायच्या आधी सेल्फी स्टिक दिसतात, आणि आता दिवसा अगदी पाण्याजवळ उतरायला पर्यटकांना २ युरोचं तिकीटही लावलंय, वरून लांबून बघायला काही नाही. हे कारंजं १७६२ साली पूर्ण झालं पण त्यात येणारं पाणी ज्या जलवाहिनीचं आहे ती मूळची इसवी सनापूर्वी १९ मधली, आग्रिप्पा नावाच्या सेनापतीने बांधलेली. या आग्रिप्पाचं नाव लक्षात ठेवा, दुपारी परत भेटणार आहे. नाणं टाकायचं असेल तर पाठ करून, उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून. ती नाणी गोळा करून गरिबांसाठी काम करणाऱ्या कारितास संस्थेला देतात, त्यामुळे एक युरो टाकला तर हळहळू नका.

आता नाश्ता. कुठल्याही बारमध्ये शिरा, तिकडे बार म्हणजे कॉफीचं दुकान. काउंटरला उभं राहून प्यायलात तर एस्प्रेसो दीड युरोच्या आसपास, टेबलावर बसलात की तोच दुप्पट-तिप्पट, आणि फेमस चौकात असेल तर विचारूच नका. आपण अमृततुल्यच्या बाहेर उभे राहून चहा मारतो ना, तसंच समजा. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे देऊन पावती घ्यायची आणि मग ती काउंटरवर दाखवायची. नुसतं "लाते" मागू नका, लाते म्हणजे दूध, आईसमोर खरंच ग्लासभर दूध आणून ठेवलं होतं. कापुचिनो म्हणा. आणि कॉफी घेतली की त्यांचं टॉयलेट वापरून घ्या, दिवसभर हेच धोरण.

साडेआठ: चालत कलोसियमकडे

ट्रेवीहून पियात्सा वेनेत्सिया चौकात या, तिथे जो अवाढव्य पांढरा संगमरवरी प्रकार दिसतो, त्याच्या डाव्या अंगाने जा. तिथे सम्राट ट्रेजनचा स्तंभ आहे, इ.स. ११३ चा, साधारण ३० मीटर उंच, आणि त्याच्याभोवती खालपासून वरपर्यंत गोल गोल फिरत गेलेलं अख्खं युद्ध कोरलंय. वर मात्र सम्राट नाही, संत पीटर उभा आहे, १५८७ मध्ये पोपने बसवलेला. रोममध्ये असं पावलोपावली दिसतं, खालची इमारत एकाची, वरचा पुतळा दुसऱ्याचा.

समोरचा सरळसोट रुंद रस्ता थेट कलोसियमला भिडतो. तो जुना वाटतो पण मुसोलिनीने १९३२ मध्ये केलाय, जुन्या फोरमच्या छातीवरून.

साडेनऊ: कलोसियम

सव्वा तास पुरे. व्हेस्पासियन राजाने सुरू केलं, त्याचा मुलगा टायटसने इ.स. ८० मध्ये उद्घाटन केलं. आत जायच्या आधी बाहेरच्या कमानींवर मान वर करून बघा, रोमन आकडे कोरलेले दिसतील. एकूण ८० कमानी, त्यातल्या ७६ ना नंबर, अगदी वानखेडेच्या गेट नंबरसारखं, तेव्हाच्या प्रेक्षकाच्या तिकिटाच्या तुकड्यावर जो आकडा त्या कमानीतून तो आत. आज २३ ते ५४ एवढेच शाबूत आहेत. आम्हाला आमच्या वयाचे आकडे शोधायचा खेळ पुरला, बाबा मात्र आउट ऑफ रेंज.

बाहेर ग्लॅडिएटरचे कपडे घालून फोटोला बोलावणारे भेटतील, फोटो झाला की पैसे मागतात. हातात दोरा बांधायला येणारे, "फ्री, फ्री" म्हणत गुलाब देणारे, सगळ्यांना एकच उत्तर, हात खिशात आणि "नो ग्रात्सिये", थांबायचं नाही. पाकीटमार खरे आहेत. मेट्रो ए लाईन, तेर्मिनी स्टेशन आणि व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस, ही तीन ठिकाणं त्यासाठी बदनाम आहेत. बॅग पोटावर.

अकरा: फोरम, आणि मिरी

फोरममध्ये सावली फारशी नाही, त्यामुळे बाराच्या आत जेवढं होईल तेवढं. तयारी न करता गेलात तर नुसते तुटके खांब दिसतात, पहिल्या वेळी मी पंचवीस मिनिटांत बाहेर पडलो होतो. म्हणून सगळं बघायच्या भानगडीत न पडता तीन गोष्टी शोधा.

एक, सीझरचं देऊळ. देऊळ म्हणजे आता मातीचा ढिगारा आणि वर छोटं छप्पर. खून झाल्यावर त्याचं दहन झालं ती ही जागा, आणि अजूनही तिथे लोक फुलं ठेवतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला ताजी फुलं, आई तिथे जरा वेळ गप्प उभी राहिली.

दोन, सम्राट मॅक्सेंटियसच्या बॅसिलिकाच्या (चर्च नव्हे, रोमन सभागृह) तीन प्रचंड कमानी. बघून सगळेच थक्क होतात, पण आपल्यासाठी त्यांच्या पायाखाली जास्त इंटरेस्टिंग गोष्ट आहे, ती इमारत उठायच्या आधी तिथे डोमिशियन राजाने बांधलेली मिरीची वखार होती. काळी मिरी, मलबारातली, जहाजाने लाल समुद्र, मग उंटावरून नाईल, मग परत जहाज आणि शेवटी इथे. त्याच पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या वहीत आपल्या सोपारा आणि कल्याणची नावं बंदर म्हणून आहेत. म्हणजे कल्याण स्लो लोकलने येणाऱ्या माणसाने रोममध्ये अगदीच परकं वाटून घ्यायचं कारण नाही.

तीन, पॅलाटिन टेकडीवर चढून वरून फोरम बघणं. गुडघे दुखत असतील तर हे सोडा, कारण असाच नजारा कॅपिटोलिन टेकडीवरच्या महापालिकेच्या इमारतीमागून फुकट दिसतो, आणि आपण तिकडेच चाललोय.

कॅपिटोलिनचा चौक मायकेलअँजेलोने आखलेला. त्याचा तो रुंद उतरता जिना घोड्यावरून चढता यावा म्हणून तसा लांब-लांब पायऱ्यांचा आहे, गुडघ्यांना एकदम सोपा. मधे घोड्यावर सम्राट मार्कस ऑरेलियस, हा पुतळा नक्कल, खरा शेजारच्या म्यूझियममध्ये. मूर्तिपूजकांचे बाकी ब्राँझचे पुतळे वितळवून टाकले तेव्हा हा वाचला, कारण लोकांना वाटलं हा पहिला ख्रिश्चन सम्राट कॉन्स्टंटाईन आहे.

पाऊण ते अडीच: जेवा आणि बसा

जेवायला पायथ्याशीच असलेल्या जुन्या ज्यू मोहल्ल्यात जा, दहा मिनिटं. शाकाहारी लोकांसाठी एक युक्ती: कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणाऱ्या, हॉटेलात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून जे कोशर हॉटेल चीज आणि दुधाचे पदार्थ देतं तिथे मांस नसतंच. मासे असू शकतात, तेवढं विचारून घ्या. फक्त शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ ही दुकानं बंद. तिथला फेमस पदार्थ म्हणजे अख्खा आर्टिचोक (मोठ्या कळीसारखी भाजी) तेलात तळून फुलासारखा उमललेला, कार्चोफी आल्ला जुदिया, पाकळ्या कांदाभजीच्या कडेसारख्या कुरकुरीत. खरा सीझन हिवाळा ते वसंत.

बाकी कुठेही "सोनो वेजेतारियानो", बाईने "वेजेतारियाना" म्हणायचं. दोन फसवे पदार्थ सांगून ठेवतो. भोपळ्याच्या फुलांची भजी बघून आपला जीव हरखतो, पण आत चीजबरोबर बहुतेक वेळा अँचोव्ही मासा असतो. आणि सुप्ली नावाचे भाताचे तळलेले गोळे, पारंपरिक सुप्लीत खिमा असतो. काचो ए पेपे मात्र निर्धास्त वाटतो, पास्ता, चीज आणि भरपूर मिरी, झालं, सकाळची वखार आठवेल. त्यातलं पेकोरीनो चीज पारंपरिक पद्धतीने कोकराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) घालून बनतं, कडक शाकाहारी असाल तर ते सोडून मरिनारा पिझ्झा घ्या, त्यावर चीजच नसतं. कापून वजनावर विकतात तो पिझ्झा सगळ्यात स्वस्त, कात्रीने कापतात, हाताने दाखवायचं एवढं. बिलात ब्रेडचे एक-दोन युरो लावलेले असतात, ती फसवणूक नाही. टिप सक्तीची नाही.

आणि बाटली. रोममध्ये रस्त्यावर साधारण २५०० लोखंडी नळ आहेत, वाकडी नळी म्हणून त्यांना नासोनी म्हणतात, मोठं नाक. पाणी चोवीस तास वाहतं, थंडगार आणि पिण्याचं. खाली तोंड घालून प्यायची गरज नाही, नळीचं तोंड बोटाने दाबा, वरच्या छोट्या भोकातून पाण्याची धार उडते, सरळ तोंडात. आमच्या बाबांनी हे शिकल्यावर पुढचे चार तास प्रत्येक नळ दाबून बघितला.

अडीचला उठा आणि लार्गो दी तोर्रे आर्जेंतीनावरून जा. रस्त्याच्या खाली खड्ड्यात चार देवळांचे अवशेष, आणि मांजरंच मांजरं. सीझरचा खून झाला तो इथेच, इ.स.पूर्व ४४. वरून बघा, पुढे निघा.

तीन: पँथियन

हे जुनं रोमन देऊळ, तिकीट लागतं. आणि हेच एक असं ठिकाण आहे जिथे मी सांगतो की घाई करू नका. दारावर मोठ्या अक्षरात आग्रिप्पाने बांधलं असं लिहिलंय, आपला सकाळचा पाणीवाला, पण त्याचं देऊळ जळलं, आजचं बांधलं हेड्रियन राजाने आणि नाव मात्र जुन्याचंच ठेवलं. स्वतःच्या नावाचा फलक न लावणारा राज्यकर्ता, जरा पचायला वेळ लागतो. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, जमिनीपासून वरच्या भोकापर्यंत उंचीही तेवढीच, म्हणजे आत अख्खा चेंडू बसेल. लोखंडी सळी नसलेल्या काँक्रीटचा एवढा मोठा घुमट जगात अजून दुसरा झाला नाही. युक्ती अशी की वर जाताना काँक्रीट हलकं होत जातं, शेवटी तर पाण्यावर तरंगणारा प्युमिस दगड घातलाय. भोक उघडंच आहे, पाऊस आत येतो, खाली फरशीला बारीक उतार आणि पाणी जायला भोकं. पाऊस असेल तर नक्की जा, लोक पळतात तेव्हा तुम्ही आत शिरा. इ.स. ६०९ मध्ये याचं चर्च झालं म्हणून ते टिकलं, चित्रकार राफाएल आतच पुरलाय.

चार: तळपाय

चारनंतर चर्च उघडतात. पँथियनपासून तीन मिनिटांवर सान लुईजी दै फ्रांचेसी, आत डावीकडे शेवटच्या कप्प्यात कारावाज्जोची संत मॅथ्यूची तीन चित्रं. प्रवेश फुकट, उजेडाला नाणं: पेटीत टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विजतो. दुसऱ्याच्या नाण्यावर बघणारे दहा जण बाजूला उभे असतात, तुम्हीही तसेच उभे राहा.

मग दोन गल्ल्या पुढे सांत आगोस्तीनो. इथे बहुतेक टूरवाले आणत नाहीत. त्यात त्याच चित्रकाराचं एक चित्र आहे, दारात मेरी बाळ घेऊन उभी आणि समोर हात जोडून गुडघ्यावर बसलेलं म्हातारं जोडपं, लांबून पायी आलेले यात्रेकरू. त्या म्हाताऱ्याचे मळलेले उघडे तळपाय थेट आपल्या तोंडासमोर. देवाच्या चित्रात असले घाणेरडे पाय काढले म्हणून तेव्हा लोकांनी बोंब मारली होती. आई चित्राकडे बघून एवढंच म्हणाली, "हे पंढरपूरला पोचलेत." माझी नाणी तिथे सगळी संपली.

पाच: नवोना चौक, दाढीवाली गंगा

हा चौक लांबट का, तर खाली डोमिशियनचं स्टेडियम आहे, घरं त्याच्या आकारावर उभी. मधल्या कारंज्यात, शिल्पकार बेर्निनीचं, १६५१ चं, चार खंडांच्या चार नद्या पुरुषरूपात बसल्यात. डॅन्यूब, नाईल, दक्षिण अमेरिकेची रिओ दे ला प्लाता, आणि आशियाची म्हणून आपली गंगा. हातात वल्हं आहे तो दाढीवाला बाप्या म्हणजे गंगामैया. बाबांनी तिथे हात जोडावे की नाही यावर जरा चर्चा झाली. नाईलचं तोंड कापडाने झाकलंय कारण तिचा उगम तेव्हा माहीत नव्हता. समोरचं बोरोमिनीचं (बेर्निनीचा प्रतिस्पर्धी) चर्च अंगावर पडेल म्हणून एका नदीने हात वर केलाय असा किस्सा गाईड हमखास सांगतात, हसा पण मानू नका, कारंजं झालं तेव्हा त्या चर्चचा पत्ताच नव्हता. चौकातल्या टेबलांवर बसू नका, जेलातो (इटालियन आईस्क्रीम) घेऊन गल्लीत जा. पिस्ता भडक हिरवा असेल तर ते दुकान सोडा, खरा पिस्ता मळकट हिरवा असतो.

सहा: पूल आणि पुढे

सूर्य कलायला लागला की सांतांजेलो पूल. दोन्ही बाजूंना बेर्निनीच्या आराखड्यावरचे दहा देवदूत, पलीकडे गोल किल्ला, जो मुळात हेड्रियनची समाधी, म्हणजे ज्याने पँथियनवर नाव लावलं नाही त्याने थडगं मात्र दणदणीत बांधलं. किल्ल्यात जायची गरज नाही. एक पूल वर, उंबेर्तो पुलावर जाऊन उभे राहिलात तर व्हॅटिकनच्या सेंट पीटर चर्चचा घुमट, नदी आणि सांतांजेलो एकाच फ्रेममध्ये येतं.

तिथून सेंट पीटरचा चौक दहा-बारा मिनिटं. या वेळेला टूरवाल्यांच्या बसेस गेलेल्या असतात. फरशीवर ओबेलिस्क (चौकाच्या मधला उंच दगडी सुळका) आणि कारंजं यांच्या मधे एक गोल दगड शोधा, त्यावर उभं राहून बघितलं तर चार ओळींतले खांब एकामागे एक लपून एकच ओळ दिसते. एक पाऊल बाजूला सरकलात की सगळे खांब बाहेर येतात. खांब २८४ आहेत आणि आम्ही तिघं आळीपाळीने पंधरा मिनिटं हेच करत होतो. आत जायचा हट्ट आज नको, पाय उरलेले नसतात.

परतीला ओत्ताव्यानो मेट्रो जवळ आहे, शेवटची गाडी साधारण साडेअकराला, शुक्रवार-शनिवारी दीडपर्यंत. हॉटेलवर गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवा, टब नसेल तर बिडेट (कमोडशेजारचं धुवायचं बुटकं बेसिन) असतंच, इटलीत ते जवळजवळ प्रत्येक बाथरूममध्ये असतं आणि आमच्या आईने त्याचा शोधलेला हा सगळ्यात चांगला उपयोग. आणि दुसऱ्या दिवशीचं व्हॅटिकन म्यूझियमचं तिकीट सकाळी आठचं काढलं असेल तर आत्ताच पश्चात्ताप करून घ्या, दुपारचं काढा, आणि रविवार नाही ना तेही बघा, शेवटचा रविवार सोडला तर त्या दिवशी ते बंद असतं.